चावदिसाच्या रात्रीसाठी सेलवर पेटणारी भुतं घरच्या घरी कशी करायची

चावदिस, म्हणजे नरक चतुर्दशी, जवळ आला की आमच्या सिंधुदुर्गात वाडीवाडीत पोरांची नरकासुरासाठी गवत, बांबू, जुने कपडे गोळा करायची गडबड सुरू होते, रात्रभर तो मिरवतात आणि पहाटे पेटवतात, ते सगळं आहेच. पण त्याच रात्री खळ्यात, गडग्यावर, पाणंदीच्या वळणावर दोन-चार लहान भुतं बसवली आणि ती आतून मंद पेटती ठेवली तर नरकासुर बघायला निघालेल्या पोरांची जी तंतरते ना, त्याला तोड नाही. ती कशी करायची ते लिहितोय. सेलवरचीच करा, कारण ओल्या गवतातून २३० व्होल्टची वायर ओढणं मला अजिबात पटत नाही, आश्विनात दव पडतं, परतीचा पाऊस कधी गडगडत येईल त्याचा नेम नसतो आणि पोरं अनवाणी पळत असतात. शिवाय सेलवरचं भूत फणसाच्या बेचक्यात, माडाच्या बुडाशी, कुठेही बसतं आणि लाईट गेली की त्याची मजा अजून वाढते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, भूत उजळून टाकायचं नसतं. बाजारातून लाईटची लांबलचक माळ आणायची आणि पुतळ्याला गुंडाळायची, असं केलं की तो मखरातला वाटायला लागतो, भीती शून्य. जेवढं कमी दिसेल तेवढं बघणारा स्वतःच्या मनाने भरतो. आणि ही रात्र अमावास्येच्या तोंडावरची, चंद्राची बारीक कोर उगवेपर्यंत पहाट होते, म्हणजे एवढा चांगला अंधार आयता मिळतोय तो घालवायचा कशाला. पडवीतली ट्यूब बंद करा, रस्त्याकडचा बल्ब बंद करा, तेवढ्याने अर्धं काम झालं. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून भुतं घराच्या अगदी दारात ठेवू नका, माणूस उजेडातून निघून थोडं चालल्यावर दिसतील अशी लांब ठेवा.

कुठलं भूत करायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, आपल्याकडे काय कमी आहेत? मोकळ्या केसांची, उलट्या पावलांची हडळ, पिंपळावरचा मुंजा, आडदांड खवीस. पण देवचार, राखणदार, वेतोबा या गावाची राखण करणाऱ्या दैवतांना यात घेऊ नका. आरवलीच्या वेतोबाला लोक नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, ती गावाची श्रद्धा आहे, तिथे सजावट करायची नाही. पहिल्यांदाच करणार असाल तर चकवा करा, त्याला शरीरच लागत नाही, वाट चुकवणारा तो, म्हणून झुडपांच्या मागे वेगवेगळ्या अंतरावर तीन मंद पांढरे दिवे लपवायचे, एक पेटतो, विझतो, मग लांबचा पेटतो, बस.

अंगासाठी बाजारात जायची गरज नाही. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे आणि आपल्या आगरात त्याच्यापेक्षा भारी सामान पडलेलं असतं. चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्यांचा क्रॉस, त्याला सुंभाने पक्कं बांधायचं, त्यावर पेंढा, त्यावर जुनं धोतर किंवा फाटकी मच्छरदाणी. केसांना काथ्या, हाताच्या बोटांना हीर. तोंडासाठी मला पोफळीची विरी सगळ्यात आवडते, म्हणजे झावळीच्या बुडाशी असतं ते रुंद चामड्यासारखं आवरण. ती पाण्यात भिजत घाला, मऊ पडली की एखाद्या सोललेल्या नारळावर किंवा लहान मडक्यावर उताणी बसवून सुतळीने आवळा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना ती आपोआप आकसते, कडा आत वळतात, गालाच्या जागी सुरकुत्या पडतात, तो चेहरा हाताने काढायचा म्हटला तर जमणार नाही असा होतो. पूर्ण वाळल्यावरच डोळ्यांची भोकं ब्लेडने कापा, ओली असताना कापलीत तर वाळताना भोकं वेडीवाकडी ताणली जातात.

आता डोळे, खरा खेळ इथे आहे. माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर साधारण सहा-साडेसहा सेंटीमीटर असतं आणि अंधारात दोन ठिपके दिसले की त्यांच्यातल्या अंतरावरूनच आपण समोरचं जनावर केवढं असेल ते ठरवतो. म्हणून खवीस करताय तर डोळे दहा-बारा सेंटीमीटर लांब ठेवा आणि जमिनीपासून सात-आठ फुटांवर न्या, अंग दिसलंच नाही तरी चालेल. मुंजा पोरवयाचा, त्याचे डोळे जवळ आणि कमरेएवढ्या उंचीवर. एलईडी भोकात पुढून खुपसू नका, तसं केलं तर नुसता टोचणारा ठिपका दिसतो. भोकाच्या मागे दोन-तीन सेंटीमीटर आत बसवा आणि मध्ये बटर पेपरचा तुकडा लावा, म्हणजे प्रकाश पसरतो आणि खोबणी खोल वाटते. टेबलटेनिसचा बॉल अर्धा कापून पण छान डोळा होतो, फक्त जुने बॉल सेल्युलॉइडचे असतात, ते भडकन पेट घेतात, पणतीजवळ नकोत.

रंगाबद्दल सगळे डोळे झाकून लाल घेतात. लाल चांगला, पण एक लक्षात ठेवा, अंधारात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना लाल जवळपास दिसतच नाही, हिरवा-निळसर जास्त दिसतो. म्हणून लांबच्या भुताला हिरवा द्या, तो अगदी कमी करंटवर पण लांबून दिसतो आणि रानातल्या जनावराच्या डोळ्यासारखा वाटतो. लाल जवळच्याला द्या, पडवीच्या खांबामागच्या हडळीला. पांढरा घेतलात तर पिवळसर घ्या, निळसर पांढऱ्याने मोबाईलची टॉर्च लावल्यासारखं दिसतं.

सर्किट म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. तीन पेन्सिल सेलचा होल्डर, एक स्विच, ५ मिलीमीटरचे दोन एलईडी, दोन रेझिस्टर. एलईडीचा लांब पाय प्लस, आखूड पाय मायनस, पाय कापलेले असतील तर कडेची चपटी बाजू बघा, ती मायनस. रेझिस्टर टाकायचाच, कारण एलईडी स्वतःहून करंट आवरत नाही, मिळेल तेवढा ओढतो आणि जळतो. हिशोब असा, सेलच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करायचे आणि हव्या त्या करंटने भागायचं. तीन सेलचे साडेचार व्होल्ट, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरले अडीच, आपल्याला १० मिलीअँप पुरे, म्हणजे २५० ओहम आले, दुकानात २७० चा मिळतो तो घ्या. पांढरा, निळा आणि चकचकीत हिरवा तीन-सव्वातीन व्होल्ट घेतात, त्यांना १५० ओहम. पण मी म्हणेन दुकानात गेलाच आहात तर ४७० आणि १००० चे पण चार-चार घेऊन या, आणि रात्री अंधारात नेऊन लावून बघा, बहुतेक वेळा १००० वालाच चांगला दिसतो. दिवसा टेबलावर बसून उजेड ठरवूच नका. प्रत्येक एलईडीला स्वतःचा वेगळा रेझिस्टर हवा, दोघांत एक टाकला की एक डोळा जास्त पेटतो आणि दुसरा मिणमिणतो, काण्या भुताला तेही चालेल म्हणा.

सेल कुठले? ९ व्होल्टचा चौकोनी सेल दिसायला दणकट पण आत माल कमी, अल्कलाईन असला तरी साधारण ५०० मिलीअँप-तासच. अल्कलाईन पेन्सिल सेल असल्या हलक्या कामात २००० च्या आसपास देतो, म्हणजे १० मिलीअँपचे दोन डोळे हिशोबाने शंभर तास, पूर्ण दिवाळी निघून वर उरतील. रिचार्जेबल सेल असतील तर ते दीडऐवजी सव्वा व्होल्टच्या आसपास असतात, त्यामुळे तीन सेलवर पांढरा एलईडी मरगळतो, चार घाला. पॉवर बँक लावायचा विचार करत असाल तर थांबा, एवढासा करंट त्याला कळतच नाही, मोबाईल काढून घेतला असं समजून तो थोड्या वेळाने बंद होतो. घड्याळाचे बटण सेल छोटे आणि सोयीचे, तरी ज्या घरात लहान मूल आहे तिथे वापरू नका. हे अगदी कळकळीने सांगतोय, असा सेल पोराने गिळला आणि अन्ननळीत अडकला तर दोन तासांत आत भाजतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठा.

नुसता जळता डोळा थोड्या वेळाने ओळखीचा होतो. लुकलुक पण नको, लुकलुक म्हणजे लग्नाचा मांडव. भुताने श्वास घ्यायला हवा. सोपा मार्ग म्हणजे मेणबत्तीसारखे थरथरणारे एलईडी मिळतात, त्यांच्या पोटातच चिप असते, ते पुतळ्याच्या छातीत धोतराच्या मागे ठेवायचे. पुढची पायरी म्हणजे आर्डुइनो नॅनो, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम भरता येतो असा बोटाएवढा सर्किट बोर्ड, चार रिचार्जेबल सेलवर चालतो, त्याच्या ३, ५, ६, ९, १०, ११ या पिनांवर उजेड हळूहळू कमी-जास्त करता येतो. माणूस निवांत असताना मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, म्हणून भुताला मिनिटाला आठ-दहा द्या, चढायला दोन सेकंद, उतरायला तीन, मग एक-दोन सेकंद पूर्ण काळोख. तो काळोख ठेवाच, कारण डोळे परत उघडतात ते माणूस दोन पावलं पुढे आल्यावर. कोणी आलं की पेटायचं असेल तर एचसी-एसआर५०१ नावाचा सेन्सर येतो, तीन ते सात मीटरपर्यंत पकडतो, त्याला ५ व्होल्ट लागतात आणि चालू केल्यावर मिनिटभर तो काहीबाही दाखवतो तेव्हा घाबरू नका. तो उबेची हालचाल बघतो, त्यामुळे कुत्रं गेलं तरी पेटणार. तोंड वाटेला आडवं ठेवा, म्हणजे माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल, सरळ अंगावर चालत आलेला त्याला उशिरा कळतो.

आता किनारपट्टीवाल्यांसाठी खास, कारण घाटावरची माणसं हे कधी सांगणार नाहीत. आपल्या हवेत मीठ आहे. समुद्राकडेच्या घरात सेल होल्डरच्या स्प्रिंगा बघता बघता गंजतात, तांब्याच्या वायरीवर हिरवं चढतं, आणि मग भूत ऐन वेळी पेटत नाही. म्हणून वायरी नुसत्या पिळून टेप मारू नका, दव पडलं की टेपचा गोंद सुटतो. जोडाला सोल्डर मारा, वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा, ती नसेल तर हॉट ग्लू चोपडा. सर्किटच्या उघड्या भागावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्या, सेन्सरची पांढरी टोपी आणि होल्डरचे पत्रे तेवढे सोडून. होल्डरच्या स्प्रिंगांना व्हॅसलिनचं बोट लावा. सगळं बाडबिस्तार झाकणाच्या प्लास्टिक डब्यात घाला, वायरचं भोक डब्याच्या तळाशी पाडा आणि वायर भोकाच्या खाली थोडी लोंबती ठेवून मग वर वळवा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळलं तरी लोंबत्या भागातून खाली गळतं, डब्यात शिरत नाही. डब्यात बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिकाची पुडी टाका.

बसवताना विहीर, चिऱ्याच्या निसरड्या पायऱ्या आणि गाडीरस्त्याचं वळण टाळा, दचकलेलं पोर मागे न बघता पळतं. पणत्या आणि फटाके पुतळ्यापासून लांब, पेंढा आहे तो. हृदयाचा त्रास असलेलं कोणी आजी-आजोबा त्या वाटेने येणार असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा, त्यांना तर दाखवायलाच घेऊन जा, चार जुन्या गोष्टी ऐकायला मिळतील.

आणि पहाटे नरकासुराच्या गडबडीत तुमचं भूतही कोणीतरी आगीत टाकणार, हे धरून चाला. जाळायचंच असेल तर आधी डबा, वायरी, एलईडी सगळं बाहेर काढा, आगीत सेल फुटतो, आणि मोबाईलचा किंवा लॅपटॉपचा लिथियमवाला असेल तर फारच वाईट. यासाठी डबा सुरुवातीलाच पुतळ्याच्या पाठीला सुतळीच्या एका गाठीने बांधा, ओढली की हातात. अभ्यंगस्नान, कारीट, पोहे सगळं आटपलं की त्याच दिवशी होल्डरमधले सेल काढून ठेवा, आत राहिले तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाझरून होल्डर खातात. विरीची तोंडं मात्र चुलीच्या वर माळ्यावर टांगा, धुराने कीड लागत नाही आणि रंग असा काही चढतो की पुढच्या वर्षी रंगवायला नकोत.