बाल्कनीतला कढीपत्ता, गवती चहा आणि पुदिना: काय लावावं, कसं टिकवावं

फोडणीला कढीपत्त्याची एक डहाळी लागते, पण बाजारातून जुडी आणावी लागते. चटणीला मूठभर पुदिना पुरतो आणि उरलेला चार दिवसांत फ्रिजमध्ये काळा पडतो. ही झाडं घरी लावण्याचा खरा फायदा हाच, की हवं तेव्हा आणि हवं तेवढंच तोडता येतं. पान तोडल्यावर त्यातलं सुगंधी तेल उडत जातं, त्यामुळे झाडावरून थेट कढईत पडलेल्या पानाचा वास वेगळाच येतो. शिवाय पानांवर काय फवारलंय, हे आपल्याला ठाऊक असतं.

पैसे वाचवायचे असतील तर मात्र झाड विचारपूर्वक निवडा. कढीपत्ता आणि गवती चहा वर्षानुवर्षं टिकतात, त्यांचा खर्च सहज निघतो. पुदिनाही तसाच, फक्त दरवर्षी नव्याने लावावा लागतो. कोथिंबिरीच्या टबातून दीड महिन्याने एखाद-दोन जुड्या निघतात आणि पुन्हा पेरणी आलीच. तरी जवळजवळ सगळे सुरुवात कोथिंबिरीपासूनच करतात, आणि ती उगवली नाही की कुंड्या जिन्याखाली जातात. सुरुवात पुदिन्यापासून करा.

आधी ऊन बघा

कढीपत्ता आणि गवती चहाला रोज किमान ५ तास थेट ऊन हवं. पुदिना, पानओवा आणि कोथिंबीर यांना ३-४ तास पुरतं, तेही सकाळचं असेल तर उत्तम. जागा ठरवताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन आतल्या भिंतीपर्यंत येतं, पण मेअखेरीस वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे ते कठड्यापाशीही नीट पोहोचत नाही. थंडीत निवडलेली जागा उन्हाळ्यात तपासून कुंड्या हलवायची तयारी ठेवा. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लावा आणि कुंड्या तापलेल्या फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा.

कुंडी आणि माती

पुदिना आणि कोथिंबिरीला खोली ६-८ इंच पुरे, पण तोंड रुंद हवं. फळांचे थर्माकोलचे खोके किंवा जुना टब चालतो. गवती चहाला १२ इंची कुंडी लागते. कढीपत्ता ८ इंचीत सुरू करून वर्षभराने १२ इंचीत आणि पुढे १६ इंचीत हलवायचा. कुंडी कसलीही असो, तळाला करंगळी जाईल एवढी ३-४ भोकं हवीत. भोकावर खापराचा तुकडा किंवा जाळीचा कपडा ठेवला की झालं. तळाशी खडीचा जाड थर घालण्याची सवय सोडा. पाणी बारीक मातीतून भरड खडीत सहजासहजी उतरत नाही, खडीच्या वर तुंबून राहतं, आणि मुळांसाठीची मातीही तेवढी कमी होते.

मातीचं प्रमाण असं: ४ भाग लाल किंवा पोयटा माती, ३ भाग गांडूळ खत, ३ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). १२ इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. शेतातली काळी माती कुंडीत नको. ती ओली असताना चिकट गोळा होते आणि वाळली की कडेने सुटते, मग घातलेलं पाणी फटीतून थेट खाली निघून जातं. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पिळून घ्या, नाहीतर तिच्यातल्या क्षारांनी कोवळ्या पानांची टोकं करपतात.

वजनाचाही विचार हवा. १२ इंची कुंडी पाणी दिल्यावर १५ ते २० किलो भरते. ग्रिलच्या बाहेर किंवा कठड्यावर ती ठेवू नका. पावसाळी वाऱ्यात खालच्या माणसाच्या डोक्याचा प्रश्न असतो.

पाणी बोटाने मोजा. एक पेर मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच द्या, पण दिलं की खालून बाहेर येईपर्यंत द्या. रोज थोडं थोडं शिंपडलं तर वरची माती ओली राहते आणि खालची मुळं तहानलेली. कुंडीखालच्या बशीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओता. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

पुदिना

बाजारातल्या जुडीतल्या जाड, न पिचलेल्या ८-१० काड्या निवडा. ४-५ इंचांची काडी गाठीच्या खाली कापा, खालच्या अर्ध्या भागाची पानं काढा आणि पाण्याच्या ग्लासात ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला. आठवडा-दहा दिवसांत गाठींवर पांढरी मुळं फुटतात. ती इंचभर झाली की ३-४ इंच अंतराने लावा आणि चार दिवस सावलीत ठेवा. पुदिन्याची माती कधीच पूर्ण कोरडी होऊ देऊ नका, पेराचा नियम इथे लागू नाही.

पुदिन्याच्या कुंडीत दुसरं काही लावू नका. त्याची आडवी खोडं मातीतून पसरत जातात आणि शेजाऱ्याला गिळतात. पुढे हीच खोडं कुंडीभर झाली की पानं बारीक आणि देठ लांब होतात. मग झाड उपसून, टोकाकडच्या ताज्या काड्या घेऊन नव्या मातीत लावायचं. कापणी मातीपासून दोन इंच सोडून, फुलं येण्याआधी करा. पानांच्या मागे नारिंगी पुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. सगळं मातीलगत कापून कचऱ्यात टाका, खताच्या डब्यात नको.

कढीपत्ता

नर्सरीतून दीड फुटाचं रोप आणा. बाजारातल्या डहाळीला मुळं फुटत नाहीत. बी लावायचं असेल तर पिकलेल्या काळ्या फळाचा गर काढून लगेच लावा, वाळवून ठेवलेलं बी उगवत नाही. पहिल्या वर्षी तोडणी जवळजवळ नाहीच. रोप दोन फुटांचं झालं की शेंडा खुडा म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. नंतरही एकेक पान न खुडता देठासकट अख्खी डहाळी तोडा आणि फुलांचे गुच्छ येताच काढून टाका.

डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः नाशिक-पुण्याकडे, वाढ थांबते आणि पानं पिवळी पडून गळतात. झाड मेलं समजून पाणी आणि खत वाढवलं तर मुळं कुजतात. पाणी निम्म्यावर आणा, फेब्रुवारीत फूट येते. आंबट ताक घालण्याची पद्धत घरोघरी आहे. महिन्यातून एकदा एक भाग ताकात दहा भाग पाणी करून घालायला हरकत नाही, पण ते खताची जागा घेत नाही आणि घट्ट घातलं तर वास येतो, मुंग्या लागतात.

कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. त्यामुळे लिंबाचं फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. लहान सुरवंट पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा दिसतो म्हणून नजरेतून सुटतो, मोठा झाल्यावर हिरवा होतो आणि दोन-तीन दिवसांत रोप उघडं करतो. औषधाची गरज नाही, सकाळी हाताने वेचा.

गवती चहा, पानओवा आणि कोथिंबीर

गवती चहाचा मुळासकट एक फुटवा कोणाकडून तरी मागून घ्या. त्याची पानं एक तृतीयांश ठेवून कापा आणि लावा. पुढे मातीपासून ४ इंच सोडून कापत राहा. पानांची कड धारदार असते, ओढून तोडू नका, कात्री वापरा. कुंडी गच्च भरली की मधला भाग वाळायला लागतो, तेव्हा गड्डा उपसून फुटवे वेगळे करा. भजीसाठीच्या पानओव्याची चार इंची काडी अर्धा दिवस सुकवून थेट मातीत खोचा. पावसात तो कुजतो, आडोशाला ठेवा.

कोथिंबिरीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. नवीन धणे हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा. ३० बाय ४० सेंटीमीटरच्या टबात दोन छोटे चमचे पसरून वर अर्धा इंच माती घाला. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर टब उकरून बघू नका. उगवलेली रोपं बुडाशी कोलमडली तर पेरणी दाट झाली किंवा पाणी जास्त झालं. एप्रिल-मेच्या उष्णतेत ती लवकर फुलावर येते आणि पानं बडीशेपेसारखी बारीक होतात.

खत आणि कीड

महिन्यातून एकदा मूठभर गांडूळ खत वरच्या मातीत मिसळा. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला की आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली पातळ साबण घालून संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूला फवारा. त्यानंतर आठवडाभर पानं तोडू नका, नाहीतर कडवट लागतात.

मे महिन्यात दोन आठवडे गावी जाणार असाल तर कुंड्या सावलीत एकमेकांना टेकवून ठेवा आणि माती वाळलेल्या पानांनी झाका. गवती चहा आणि पानओवा टिकतात, मोठा कढीपत्ताही बहुधा टिकतो. पुदिन्यासाठी शेजारी पाण्याची बादली थोडी उंचावर ठेवून सुती कापडाची वात बादलीतून कुंडीत सोडा. परत आल्यावर तो सुकलेला दिसला तर लगेच फेकू नका. मातीलगत कापून पाणी द्या, खालची खोडं जिवंत असतील तर दहा दिवसांत कोंब दिसतील. कोथिंबीर मात्र निघण्याआधीच कापून घ्या.