घरट्यावर कोण येऊन गेलं?

कावळ्यावर आळ घेणं फार सोपं. सुरयांच्या, म्हणजे वाळूवर घोळक्याने घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांच्या, वसाहतीवर लक्ष ठेवायला लागलो तेव्हा मीही तेच केलं. सकाळी मेलेल्या पिलावर कावळा बसलेला, म्हणजे तोच मारेकरी! पुढे कॅमेरा लावला, तर रात्री दोनला कुत्रं आलेलं दिसलं. कावळा उजाडल्यावर उरलंसुरलं उचलायला आला होता.

आधी गुन्हा घडलाय का, ते बघा. टिटवी-चिखल्यांसारख्या, जमिनीवरच्या खळग्यात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची पिलं अंड्यातून निघाली की दिवसभरात घरटं सोडतात. रिकाम्या खळग्याची वाळू बोटाने हलकेच चाळा. टाचणीच्या डोक्याएवढ्या कपच्या मिळाल्या तर पिलं बहुधा सुखरूप निघालीत. बलक चिकटलेले मोठे तुकडे असतील तर कोणीतरी अंडं फोडलंय.

माग सकाळीच बघा, तिरप्या उन्हात ठसे उठून दिसतात. मांजराची चार बोटं, नखं उमटत नाहीत. मुंगसाची पाच, नखांसकट. कुत्रा आणि कोल्हा इथे मी अजूनही अडखळतो: दोघांची चार बोटं, दोघांची नखं उमटतात. कोल्ह्याचा ठसा निमुळता आणि चाल बरीचशी सरळ रेषेत. कुत्रं हुंगत भरकटतं. मधे शेपटीची ओढ आणि दोन्ही बाजूंना पंजे असतील तर घोरपड. प्रत्येक ठशाचा फोटो शेजारी पट्टी ठेवूनच काढा.

काहीच माग नसला की लोक लगेच साप म्हणतात. तो अख्खं गिळतो हे खरं, पण घारही पिलू अलगद उचलून नेते. अशा वेळी वहीत ‘अज्ञात’ लिहा.

पिलू मोठं असेल तर पिसं बोलतात. उपटलेली, दांडे शाबूत, तर शिकारी पक्षी. दांडे चावून तुटलेले, तर सस्तन प्राणी. लहान पिलांना नुसती लव असते, तिथे हे चालत नाही. हातमोजे घालून दातांच्या खुणा तपासा. भोवती कातडीखाली रक्त साकळलं असेल तर पिलू जिवंतपणी धरलं गेलं. नसेल तर बहुधा मेल्यावर खाल्लंय.

हे सगळं परवानगी घेऊन, काही मिनिटांत उरका आणि भर उन्हात तर जाऊच नका. आईबाप उडालेले असताना अंडी आणि पिलं तापून मरतात. घरट्यापाशी जाऊन त्याच वाटेने परत फिरू नका, तसेच पुढे चालत निघून जा. कावळे आपल्याकडे बघत असतात.