हिवाळ्यात पिवळ्या पडलेल्या लॉनला पाणी देताना या चुका टाळा

कडाक्याची थंडी सुरू झाली की हिरवंगार लॉन बघता बघता वाळक्या कडब्यासारखं दिसायला लागतं. पहिल्यांदा हे बघणाऱ्याच्या पोटात गोळाच येतो. मग कुणी घाबरून रोज पाइप धरतो, तर कुणी ‘गेलं सगळं’ म्हणून थंडी सरेपर्यंत तिकडे फिरकत नाही. नुकसान दोन्हींत आहे, पण मला दुसऱ्याचं जास्त वाईट वाटतं. तिथे जिवंत गवत तहानेनं मरतं आणि आधीच पिवळं असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. ती, झोयशिया, सेंट ऑगस्टीन, बफेलो गवत, ही सगळी उष्ण हवेत वाढणारी गवतं. मातीचं तापमान साधारण १० ते १३ अंश सेल्सियसच्या खाली टिकून राहिलं की ती सुप्तावस्थेत जातात. पानं वाळतात, पण जमिनीलगतचा बुंधा, जमिनीवरून पसरणारी खोडं आणि हरळी-झोयशियासारख्या गवतांच्या मातीखालच्या काशा, म्हणजे मातीत आडवी पसरणारी खोडं, जिवंतच असतात. हिवाळ्यातलं पाणी असतं ते यांच्यासाठी.

मेलं समजून पाणी तोडणं

एका हिवाळ्यात मी कुंपणालगतचा एक अख्खा पट्टा मेला म्हणून उकरून काढला. त्यातली थोडी ढेकळं एका कुंडीत पडली आणि ती कुंडी घरात, उन्हाच्या खिडकीशी राहिली. साधारण तीन आठवड्यांनी तिच्यातून टाचणीएवढे हिरवे कोंब वर आले. तोवर तो पट्टा मी फेकून दिलेला होता. त्याची हळहळ अजून वाटते, म्हणून आता आधी परीक्षा घेतल्याशिवाय मी कुदळीला हात लावत नाही.

परीक्षा सोपी आहे. खुरप्यानं तळहाताएवढा तुकडा मातीसकट उचला. एक काशी झटकून घ्या आणि नखानं खरवडून बघा. आतून पांढरट, ओलसर आणि टणक लागली, तर गवत जिवंत आहे. तपकिरी, पोकळ असेल आणि वाळक्या काडीसारखी कडकन मोडत असेल, तर ती गेली. मूठभर गवत धरून ओढलं आणि ते मुळांसकट सहज हातात आलं, तरी लक्षण वाईटच. पण एका जागेवरून निकाल देऊ नका, चार-पाच ठिकाणी बघा. शंका राहिलीच, तर तुकडा कुंडीत लावून घरात उबेला ठेवा. दोन-तीन आठवड्यांत उत्तर मिळतं.

टायमर उन्हाळ्याच्याच आकड्यावर ठेवणं

वाढीच्या दिवसांत लॉनला आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं. झोपलेल्या गवताला पाऊस किंवा बर्फ पडला नसेल, तर तीन-चार आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटर पुरतं. एक मिलिमीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे १०० चौरस मीटर लॉनला एका वेळेस १,२०० लिटर झालं. स्प्रिंकलर एवढं पाणी किती मिनिटांत देतो, हे बघायला सरळ बाजूंचे दोन-तीन रिकामे डबे लॉनवर ठेवा आणि पट्टीनं मोजा. हिवाळाभर टायमर बंदच असू द्या, गरज पडली तर हातानं चालू करा.

जास्त पाण्यानं गवत हिरवं होत नाही, कारण ते थंडीमुळे पिवळं पडलेलं असतं. होतं काय, तर माती चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि थंडीत उगवणाऱ्या तणांचं फावतं. झोयशिया आणि सेंट ऑगस्टीनवर मोठे गोल चट्टे पाडणाऱ्या बुरशीलाही अशी सततची ओल फार मानवते.

संध्याकाळी पाणी देणं

ही चूक भलेभले करतात, कारण उन्हाळ्याची सवय अंगात मुरलेली असते. हिवाळ्यात हवा ५ अंशांच्या वर असावी, जमीन गोठलेली नसावी आणि वेळ सकाळी उशिरा ते दुपारपर्यंतची असावी, म्हणजे रात्रीच्या गारठ्याआधी पाणी मुरतं. गोठलेल्या मातीत ते मुरतच नाही, वर साचतं आणि बुंध्याशीच बर्फ धरतं.

मोठी थंडी येणार असल्याचा अंदाज असेल आणि माती कोरडी असेल, तर आदल्या दिवशी दुपारी पाणी द्या. ओली माती दिवसभराची ऊब जास्त साठवते आणि सावकाश सोडते. कोरडी माती लवकर थंड होते. पाणी देऊन झालं की पाइप नळापासून काढून रिकामा करा, नाहीतर आतलं पाणी गोठून तो तडकतो.

सगळ्या लॉनला एकच माप लावणं

उन्हाकडे तोंड केलेला उतार, वाऱ्याची बाजू, भिंतीची आणि फरशीची कड आधी सुकतात. झाडाच्या सावलीतला कोपरा महिनाभर ओला राहू शकतो. रेताड जमीन लवकर कोरडी होते, चिकण माती ओल धरून ठेवते. म्हणून कॅलेंडर बघण्यापेक्षा लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि जमिनीत दाबून बघा. १० ते १५ सेंटिमीटर सहज गेला, तर पाणी नको. वरच्या वरच अडला, तर तेवढ्याच भागाला द्या. पाणी मुरल्यावर मूठभर माती दाबून बघा. मुठीचा आकार धरून राहिली आणि बोटांतून पाणी निघालं नाही, म्हणजे वाफसा बरोबर आहे.

सेंट ऑगस्टीनला मातीखाली काशा नसतात, त्याची सगळी खोडं वरच उघडी असतात. त्याच्याकडे जरा जास्त लक्ष द्या. थंडीच्या तोंडावर नवीन अंथरलेल्या लॉनचा हिशोब तर वेगळाच, कारण त्याची मुळं अजून वरच्या थरातच असतात. महिन्याची वाट बघू नका, वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुकले की हलकं पाणी द्या. वर थंडीचं राय गवत पेरलं असेल, तर ते जागं असतं, त्यालाही नेमानं पाणी लागतं.

पाण्यासोबत खत टाकणं

नत्र देऊन झोपलेलं गवत उठत नाही. खत तणं खातात, उरलेलं पाण्याबरोबर वाहून जातं.

१० सेंटिमीटर खोलीवरची माती साधारण १८ अंशांवर काही दिवस टिकली की गवत जोमानं हिरवं होऊ लागतं. बहुतेक वेळा पहिले कोंब उन्हाच्या भिंतीकडेला दिसतात. ते दिसले म्हणून लगेच सगळीकडे पाणी वाढवू नका, पुन्हा एखादी थंडीची लाट येऊ शकते. निम्मं लॉन हिरवं होईपर्यंत स्क्रू-ड्रायव्हरचीच परीक्षा चालू ठेवा, टायमर त्यानंतर.