चिप डिझाइनच्या मुलाखतीची तयारी: दोन फ्लॉप आणि एक कोरा कागद

चिप डिझाइनच्या मुलाखतीसाठी ‘हमखास पाचशे प्रश्न’ छापाच्या पीडीएफ सगळीकडे फिरतात. त्या पाठ करून आलेला उमेदवार दुसऱ्या मिनिटाला ओळखू येतो. व्याख्या बिनचूक सांगतो, आणि मी सर्किटमध्ये एक इन्व्हर्टर वाढवला की गप्प बसतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, म्हणून सांगतो: पीडीएफ बंद करा.

१. बोलावलंय कशाला ते बघा. ॲनालॉगवाल्याला ऑप-अँप आणि आरसी सर्किट, व्हेरिफिकेशनवाल्याला सिस्टिमव्हेरिलॉग ही भाषा आणि यूव्हीएम ही तपासणीची पद्धत. मी पुढे बोलतोय ते डिजिटलबद्दल: आरटीएल (सर्किटचं वर्तन कोडमध्ये लिहिणं) किंवा फिजिकल डिझाइन (त्याची चिपवरची प्रत्यक्ष मांडणी).

२. व्हेरिलॉगचा (सर्किटचं वर्णन करणाऱ्या भाषेचा) कोड हाताने लिहा. एडिटर नाही, चुका दाखवणारी लाल रेघ नाही. क्लॉकच्या ब्लॉकमध्ये नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंट (<=), कॉम्बिनेशनल लॉजिकमध्ये ब्लॉकिंग (=), आणि केसमध्ये डीफॉल्ट विसरून नको असलेला लॅच (जुनं मूल्य धरून ठेवणारा घटक) तयार करायचा नाही. सीक्वेन्स डिटेक्टर (बिटांचा ठरावीक क्रम ओळखणारं सर्किट) आणि तीनने भागणारा क्लॉक डिव्हायडर जमले की पुढे चला.

३. सेटअप आणि होल्ड: क्लॉकच्या एजच्या (ठोक्याच्या चढाच्या) आधी आणि नंतर डेटा किती वेळ स्थिर हवा त्याचे नियम. खरी गोम इथे आहे. माझी एक मुलाखत याच प्रश्नावर गेली. विचारलं, “चिप फॅबमधून बनून आली, होल्ड व्हायोलेशन निघालं. काय कराल?” मी ऐटीत म्हणालो, “क्लॉक हळू करीन.” समोरच्यांनी मान डोलावली, कागदावर काहीतरी खरडलं आणि थोड्याच वेळात चहाचं विचारलं. सूत्रं मला दोन्ही पाठ होती, हे विशेष.

पाठ होती, पण चित्र डोळ्यांसमोर नव्हतं. म्हणून आधी चित्र काढा: दोन फ्लॉप (एजला एक बिट टिपून ठेवणारे घटक), मध्ये लॉजिकचा ढग, खाली एकच क्लॉक. सेटअपमध्ये पहिल्या फ्लॉपमधून सुटलेला डेटा दुसऱ्याकडे *पुढच्या* एजच्या आधी पोहोचायचा असतो. क्लॉक हळू केला की त्याला जास्त वेळ मिळतो. होल्डमध्ये शर्यत *त्याच* एजशी असते. त्या एजला दुसरा फ्लॉप जुनं मूल्य टिपत असतो, आणि पहिल्यातून सुटलेला नवा डेटा तिथे फार लवकर धडकला तर जुनं पुसलं जातं. यात पुढची एज येतच नाही. सेकंदाला एक ठोका दिलात तरी ती चूक तशीच राहते.

आता आकडे घालून करा. क्लॉक 500 मेगाहर्ट्झ, म्हणजे पीरियड 2 नॅनोसेकंद. क्लॉक-टू-क्यू (एजनंतर फ्लॉपमधून डेटा बाहेर पडायला लागणारा वेळ) 0.2, ढगातली सर्वांत लांब वाट 1.5, सेटअप 0.1. बेरीज 1.8, स्लॅक (उरलेला वेळ) 0.2. पास. सर्वांत आखूड वाट 0.05 धरा, होल्ड 0.1. डेटा 0.25 ला पोहोचतो, हवा होता 0.1 नंतर. पास.

मग दुसऱ्या फ्लॉपचा क्लॉक 0.2 ने उशिरा येऊ द्या. सेटअपचा स्लॅक 0.4 झाला, उमेदवार खूश होतो आणि तिथेच थांबतो. थांबू नका. होल्डला आता 0.3 पर्यंत थांबायला हवं आणि डेटा येतोय 0.25 ला. 0.05 ने मेलात. उपाय डेटाच्या वाटेत बफर (सिग्नल तसाच, पण थोडा उशिरा पुढे देणारा घटक) घालणं, पण लगेच पुढचा प्रश्न येतो: कुठे? पहिल्या फ्लॉपच्या तोंडाशी घातलात तर तिथून निघणाऱ्या बाकीच्या सगळ्या वाटाही लांबल्या. शक्यतो दुसऱ्या फ्लॉपच्या डी पिनजवळ (डेटा आत येतो तिथे) घाला, आणि हाच बफर स्लो कॉर्नरमध्ये (चिप सर्वांत मंद चालते त्या परिस्थितीत) जास्त वेळ खाणार, तेव्हा सेटअपचा स्लॅक उरतो का ते स्वतःहून तपासा. न विचारता हे बोललात तर समोरचा पेन खाली ठेवतो.

इतकं झालं की ‘होल्डचा पीरियडशी संबंध नसतो’ हेही लोक घोकून ठेवतात. मी लगेच स्क्यू (दुसऱ्या क्लॉकचा तो 0.2 चा उशीर) काढून टाकतो आणि दुसरा फ्लॉप निगेटिव्ह एजचा (ठोक्याच्या उताराला टिपणारा) करतो. सेटअपला आता अर्धाच पीरियड, 1 नॅनोसेकंद, लागतात 1.8, म्हणजे 0.8 ने नापास. होल्डला मात्र अर्ध्या पीरियडची सूट मिळाली, आणि पीरियड गणितात आला. चित्र काढणाऱ्याला हे दिसतं. घोकणारा अडतो.

रोज एक असं गणित, आकडे बदलून, मोठ्याने बोलत करा. भिंतीशी बोला, पण बोला. मनात सुटलेलं गणित तोंडातून निघताना हमखास अडखळतं.

४. दोन क्लॉकमधली ये-जा. एका बिटला दोन फ्लॉपचा सिंक्रोनायझर. त्याने मेटास्टेबिलिटी (फ्लॉप 0 आणि 1 च्या मधे अडकणं) नाहीशी होत नाही, पुढे झिरपण्याची शक्यता फार कमी होते. ‘नाहीशी होते’ म्हणू नका. अनेक बिटांच्या बसवर प्रत्येक बिटला वेगळा सिंक्रोनायझर लावला तर बिटं वेगवेगळ्या ठोक्यांना पोहोचू शकतात, म्हणून तिथे असिंक्रोनस फिफो (एका क्लॉकने लिहायची, दुसऱ्याने वाचायची रांग) आणि ग्रे कोड (दर पायरीला एकच बिट बदलणारी मोजणी). फिफोच्या खोलीचं गणित सोपं आहे: 100 मेगाहर्ट्झने सलग 100 शब्द लिहायला 1000 नॅनोसेकंद, तेवढ्यात 50 मेगाहर्ट्झने 50 वाचून होतात, उरलेल्या 50 ना जागा हवी. सिंक्रोनायझरच्या उशिरापायी आणखी थोडी.

५. स्वतःचा प्रोजेक्ट. “आम्ही केलं” ऐकून कान किटतात. तुमचा ब्लॉक कोणता, किती मेगाहर्ट्झवर चालला, कोणता बग तुम्हाला सापडला आणि कोणत्या वेव्हफॉर्ममध्ये दिसला, एवढं सांगा. रेझ्युमेतल्या ज्या शब्दावर पाच मिनिटं बोलता येत नाही, तो आजच खोडा.

६. शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय का?” आलं की टेपआउट (डिझाइन पूर्ण करून फॅबला पाठवणं) किती लांब आहे ते विचारा. महिन्यावर असेल तर पहिल्या दिवसापासून टायमिंगचे रिपोर्ट वाचायला बसाल, वर्षावर असेल तर बहुधा स्पेसिफिकेशन.