पावसाळ्यात घोड्याच्या खुरांची आणि पोटाची निगा

अलिबाग, काशीद, मुरूडच्या किनाऱ्यांवर घोडे पाळणाऱ्यांनी, तसेच नव्याने रपेट शिकणाऱ्यांनी, खोगिराआधी खूर पाहायला शिकावे, कारण कोकणातल्या दमट पावसाळ्यात घोडा लंगडू लागण्याचे कारण अनेकदा तिथेच सापडते.

घोड्याच्या डाव्या खांद्याजवळ, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहावे, हात खांद्यावरून हळूहळू खाली नेत पाय उचलून घ्यावा आणि खुरात अडकलेली माती, लीद व खडे बोथट आकड्याने टाचेकडून पुढच्या टोकाकडे काढावेत. तळव्याच्या मध्यभागी जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा नीट पाहाव्यात. तिथे काळपट, चिकट स्राव आणि कुजका वास आढळल्यास खूर सडू लागले आहे असे समजावे. खाच धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि पशुवैद्यकाने सांगितलेले औषध लावावे. मात्र तबेल्याची जमीन ओलीच राहिली तर कोणतेही औषध पुरे पडत नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. जमिनीला उतार द्यावा, ओला पेंढा रोज बदलावा. नालबंदाला 6 ते 8 आठवड्यांनी बोलवावे.

वैरण कधीही वाळूवर टाकू नये, गव्हाणीतच द्यावी. गवताबरोबर गिळलेली वाळू आतड्यात साचून पोटशूळ उठतो. मूठभर लीद काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून ठेवली, तर वाळू तळाशी बसलेली दिसते. घोडा सारखा पोटाकडे वळून पाहू लागला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला किंवा वारंवार लोळू लागला, तर खाणे थांबवून पशुवैद्यकाला तातडीने बोलवावे. तोपर्यंत त्याच्या तोंडात तेल किंवा काढा ओतू नये, कारण तो फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.