वेबसाइट तपासायला बसण्याआधी: संस्थेसाठी तयारीची यादी

बाहेरची काही माणसं बोलवायची, त्यांना तुमच्या वेबसाइटवर एकेक काम करायला द्यायचं आणि ती कुठे अडतात ते बघायचं, अशी ही तपासणी. तिच्या तयारीत सगळ्यात आधी पासवर्ड गोळा करा. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) कोणाच्या ईमेलवर नोंदवलंय, होस्टिंगचे (वेबसाइट ठेवायच्या जागेचे) पैसे कोणाच्या कार्डातून जातात, वर्डप्रेसचं (वेबसाइट ज्यात बनवलीय त्या सॉफ्टवेअरचं) लॉगिन कोणाकडे आहे, पेमेंट गेटवेचं (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचं) खातं कोण बघतं, हे सगळं एका कागदावर आलं पाहिजे. बऱ्याच संस्थांत यातलं निम्मं एखाद्या जुन्या स्वयंसेवकाकडे असतं आणि तो नोकरीसाठी केव्हाच दुसऱ्या शहरात गेलेला असतो. तपासणीत ढीगभर चुका सापडाव्यात आणि हात मात्र एकीलाही लावता येऊ नये, हे टाळायचं असेल तर त्याला आजच फोन करा.

आता तुमच्या वेबसाइटवर नक्की येतं कोण, ते लिहून काढा. सोयीसाठी एक संस्था धरू: बीडकडची, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणारी. तिच्याकडे पुण्याचा देणगीदार येतो. एखाद्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागातल्या मॅडम येतात, त्यांना सीएसआर-१ चा (असा निधी घेण्यासाठी लागणारा) नोंदणी क्रमांक, १२ए आणि ८०जी (संस्थेला आणि देणगीदाराला आयकरात सवलत देणाऱ्या नोंदण्या) आणि मागची लेखापरीक्षणं एका जागी हवी असतात. ती पाच पानांवर विखुरलेली असली की त्या सरळ पुढच्या संस्थेकडे वळतात. उन्हाळ्यात काम करू पाहणारी कॉलेजची मुलगी येते. आणि येतात गावातले गुरुजी किंवा आशाताई. दिवाळीनंतर तोडीला निघालेल्या घरातली पोर ठेवायची सोय आहे का, एवढंच त्यांना विचारायचं असतं. या यादीत विश्वस्तांना घेऊ नका. होमपेजवर सरकत राहणारे मोठाले फोटो, अध्यक्षांचं मनोगत आणि फीत कापतानाची छायाचित्रं हा सगळा ऐवज बहुधा त्यांच्याचसाठी तिथं बसलेला असतो आणि गुरुजींना हवा असलेला फोन नंबर त्याच्या खाली गाडला गेलेला असतो.

प्रत्येकासाठी एकेक काम लिहा. तयारीचा सगळ्यात जास्त वेळ इथं गेला तरी चालेल. ‘देणगी द्या हे बटण शोधा’ हे काम झालं नाही. त्यात उत्तर आधीच सांगून टाकलंय. त्याऐवजी असं लिहा: ‘आईचं वर्षश्राद्ध आहे, तिच्या स्मरणार्थ ५,००० रुपये या संस्थेला द्यायचेत. पैसे तुमच्या फोनवरून जाणार, पावती मात्र वडिलांच्या नावाने हवी.’ बघा, एवढ्या वाक्यात फॉर्मची किती परीक्षा आहे. देणाऱ्याचं नाव वेगळं, पावतीवरचं वेगळं, पॅन कोणाचा टाकायचा, ‘स्मरणार्थ’ लिहायला जागा आहे का. गुरुजींसाठी: ‘वर्गातल्या आठ वर्षांच्या मुलीचे आईवडील पुढच्या आठवड्यात कारखान्यावर निघालेत. तिला इथं ठेवता येईल का, आणि कोणाला विचारायचं?’ कामात तुमच्या मेनूवरचा एकही शब्द येता कामा नये.

मेनूवरून आठवलं. संस्थेतल्या प्रकल्पांची नावं आपल्याला तोंडपाठ असतात, बाहेरच्याला ती कोडी वाटतात. ‘उमेद’, ‘झेप’, ‘अंकुर’ यांतलं वसतिगृह कुठलं? मेनूतली नावं चिठ्ठ्यांवर लिहा आणि समोरच्या चहावाल्याला विचारा, यातल्या कशाखाली काय सापडेल असं वाटतं. हे काम तपासणीच्या दिवसाआधीच उरकता येतं आणि निम्मा मेनू त्यातच निकालात निघतो.

माणसं किती बोलवायची? वेबसाइट वापरायला सोपी आहे का हे तपासण्यातले तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००० साली मांडलेला हिशोब अजूनही धरला जातो: एका प्रकारची ५ माणसं पाहिली की वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी दिसून जातात. पण ‘एका प्रकारची’ हे विसरू नका. देणगीदार आणि गुरुजी हे दोन प्रकार झाले, तेव्हा प्रत्येकी ३-४ जण घ्या. संस्थेचे कर्मचारी, त्यांची मुलं, वेबसाइट बनवणाऱ्याचे मित्र यातलं कोणीही नको. एकाला तरी चष्म्याशिवाय वाचता येत नाही असं असू द्या, आणि शक्य असेल तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारी एक अंध व्यक्ती जरूर बोलवा. तिच्या येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन आधीच बाजूला काढून ठेवा. समाधानाचे गुण काढायच्या प्रश्नावल्याही असतात. सात-आठ माणसांच्या गुणांना फारसा अर्थ नसतो, त्यांच्या नादी लागू नका.

माणसं यायच्या आधी मराठी मजकूर स्वतः तपासून घ्या. इथल्या चुका शोधायला पाहुणे कशाला हवेत? ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द तुमच्या पानावर शोधा आणि साध्या अँड्रॉइड फोनवर मोठा करून बघा. फॉन्ट कच्चा असेल तर ‘ऱ्या’ मोडतो, हलन्त सुटा दिसतो. मग हाच शब्द वेबसाइटच्या शोधपट्टीत टाका. हा ‘ऱ्या’ संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवला जातो, ‘ॲ’चंही तसंच, डोळ्याला फरक दिसत नाही, पण लिहिणाऱ्याने एक पद्धत वापरली आणि शोधणाऱ्याने दुसरी, की शोधपट्टी ‘काहीही सापडले नाही’ म्हणून मोकळी होते. वार्षिक अहवालाची पीडीएफ उघडा, एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांची भेळ उमटली तर अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात बसवलेला आहे. तो गूगलला सापडणार नाही आणि स्क्रीन रीडरला वाचताही येणार नाही. डीटीपीवाल्याला पुढच्या वर्षापासून युनिकोडमध्येच (कुठल्याही फोनवर मराठी मराठीच राहते त्या पद्धतीत) करून द्यायला सांगा.

पानाच्या सोर्समध्ये (पानामागच्या कोडमध्ये) अगदी वरच्या ओळीत भाषेची खूण असते. मराठी पानावरही ती इंग्रजीचीच राहून गेलेली असते, कारण थीम (वेबसाइटचा तयार साचा) तशी आली होती. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो किंवा गाळून टाकतो. खूण बदलली की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ‘ल’ आणि ‘श’ही मराठी वळणाचे दिसू लागतात. ओळींमधलं अंतर इंग्रजी पानापेक्षा थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. बटणांचे रंगही पाहून घ्या. भगव्यावर पांढरी अक्षरं आपल्याकडे फार लाडकी, पण सुगम्यतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असा उठाव (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक) लागतो आणि ही जोडी जेमतेम २ च्या पुढे जाते. दुपारच्या उन्हात फोन धरून बघा, पटेल.

देणगीच्या पानाला वेगळा अर्धा दिवस द्या. यूपीआयचा क्यूआर कोड लावलाय? छान. आता तेच पान फोनवर उघडा आणि त्याच फोनने तो कोड स्कॅन करून दाखवा. बहुतेक लोक फोनवरूनच येतात, तेव्हा कोडाच्या शेजारी थेट यूपीआय ॲप उघडणारं बटण हवं, आणि यूपीआय आयडी कॉपी करता आला पाहिजे. फेसबुक, इन्स्टाग्रामवरून दाबलेली लिंक त्यांच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथूनही ते बटण चालतंय का पाहा. रकमेच्या रकान्यात ५०० हा आकडा मराठी अंकांत टाका. नावाच्या रकान्यात देवनागरी नाव टाका. फॉर्मने ‘चुकीची माहिती’ एवढंच म्हटलं तर ती नोंद लाल पेनाने करा, कारण काय चुकलं ते न सांगणाऱ्या फॉर्मपाशी माणूस दुसऱ्यांदा प्रयत्न करत नाही. २०२१-२२ पासून देणगीदारनिहाय विवरण आयकर खात्याकडे द्यावं लागतं, म्हणून पॅन विचारावा लागतो. पण का विचारतोय ते रकान्याखाली एका ओळीत लिहा. अनोळखी वेबसाइटवर कारण न सांगता पॅन मागितला की माणूस बिचकणारच. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर ८०जीची सवलत मिळत नाही, हेही तिथंच लिहून टाका.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी फॉर्मवरचा प्रश्न बहुधा चुकीचा असतो. ‘तुम्ही कुठे राहता?’ याने काहीच ठरत नाही. दुबईत राहणारा, भारतीय पासपोर्टवाला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो ती विदेशी देणगी धरली जात नाही. न्यू जर्सीतल्या ओसीआय कार्डवाल्या (मूळच्या भारतीय, पण आता परदेशी नागरिक), अमेरिकी नागरिक असलेल्या काकूंची मात्र धरली जाते आणि तशा देणगीसाठी संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतलं त्यासाठीचं खातं लागतं. तेव्हा पहिला प्रश्न नागरिकत्वाचा हवा, आणि नोंदणी नसेल तर ‘आम्हाला ही देणगी घेता येत नाही’ हे कार्डाचा नंबर टाकायच्या आधी सांगायला हवं. या दोन्ही प्रकारचा एकेक जण व्हिडिओ कॉलवर बसवता आला तर उत्तम. आपल्या सीएकडूनही फॉर्म एकदा वाचून घ्या.

संपर्काचं पान पटकन होतं. नंबर बोटाने दाबला की फोन लागतो का? लागला तर उचलतं कोण? पत्त्यात जवळचा एसटी थांबा आहे का? झालं.

तपासणीच्या दिवशी माणसं त्यांच्याच फोनवर बसू द्या, ऑफिसच्या वायफायवर नको, त्यांच्याच डेटावर. अँड्रॉइड ११ पासून स्क्रीन रेकॉर्डिंग फोनमध्येच असतं. ते करण्याआधी विचारा, लेखी परवानगी घ्या, आणि पिन टाकायच्या पानापाशी काम थांबवा. खरा व्यवहार संस्थेतल्या कोणीतरी आदल्या दिवशी १० रुपयांचा करून पाहावा आणि पावतीचा ईमेल येतो का, स्पॅममध्ये जातो का ते तपासावं.

खोलीत दोघंच: एक विचारणारा, एक लिहिणारा. सर किंवा ताई म्हणून ज्यांना सगळे ओळखतात ते तिथं नकोत. ते बसले की पाहुणा आदराने ‘छान आहे, सोपी आहे’ म्हणतो आणि दिवस वाया जातो. सुरुवातीलाच सांगा, ‘आम्ही वेबसाइट तपासतोय, तुम्हाला नाही.’ मग गप्प बसा. ‘हे दाबू का?’ असं आलं तर ‘आम्ही इथं नसतो तर काय केलं असतंत?’ एवढंच विचारा. त्यांचं बोट कुठे थांबलं, मागे कधी फिरलं, ‘अरेच्चा’ कधी म्हणाले, ते लिहिणाऱ्याने टिपायचं. ‘आवडली का?’ विचारू नका, उत्तर आधीच ठाऊक आहे.

नोंदी त्याच संध्याकाळी बसून लावा. जिथं काम अडलंच ते वर, जिथं माणूस चाचपडला पण पोचला ते त्याखाली, रंग आणि लोगोबद्दलची मतं सगळ्यात खाली. वरच्यातलं जे नुसतं शब्द बदलून सुटतं ते त्याच आठवड्यात करून टाका आणि दोन नव्या माणसांना तेच काम देऊन पाहा. देणगीच्या फॉर्मची दुरुस्ती फेब्रुवारीत संपवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, करबचतीची घाई सुरू असताना, त्या पानाला कोणीही हात लावायचा नाही.