परक्या बंदरात बोटीवर बिऱ्हाड: पहिल्या पंधरवड्यात या चुका टाळा

बोटीवर राहायला जातोय म्हटल्यावर निम्म्या नातेवाइकांनी एकच विचारलं, "बोट लागत नाही का?" लागते. दोन दिवस लागते, मग पोटाला सवय होते. खरी पंचाईत त्यानंतरची. नांगर टाकून झालेला असतो, शिडं गुंडाळलेली असतात, चहाला आधण ठेवलेलं असतं आणि 'आलो बुवा घरी' असं वाटायला लागतं. आमच्या बहुतेक चुका या वाटण्यातून झाल्या.

आम्ही दोघं रत्नागिरीचे. बोट अठ्ठावीस फुटी, फायबरची, जुनी, पाण्याखाली पाच फूट जाणारी. पहिला मुक्काम विजयदुर्गच्या खाडीत, वाघोटन नदीच्या तोंडाशी. जिल्हा बदलला की बोली बदलते आणि बंदर परकं होतं, याचा अनुभव तिथे आला. इकडे मरीना, म्हणजे अशा बोटी बांधून ठेवायची बंदिस्त जागा नाही, म्हणून नांगरावर राहायचं आणि होडक्यातून धक्क्यापर्यंत ये-जा करायची.

भांगाचं पाणी पाहून जागा ठरवणं

पोचलो त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे भांगाचे, कमी भरती-ओहोटीचे दिवस. शिसं बांधलेली दोरी सोडून खोली मोजली, साडेसात फूट भरली. बोटीला लागतात पाच, म्हणजे वर अडीच फूट शिल्लक. मी खूश. आठवडाभर काहीच झालं नाही, म्हणून बायकोने फळीवर डबे लावले, आईने दिलेली लोणच्याची बरणी ओट्यावर विराजमान झाली.

अमावास्येच्या पहाटे चारला स्टीलची ताटं एकामागून एक घसरली. पाठोपाठ बरणी. दिवा लावून पाहतो तर बोट चिखलात बसून डाव्या अंगाला कललेली, लोणच्याचं तेल गादीत मुरतंय आणि बायको बाकावर नाही, बाकाच्या पाठीवर बसलेली. उजाडताना एका मच्छीमार होडीचा तांडेल जवळून गेला. आमच्याकडे एकदा बघून म्हणाला, "भांगाचा पाणी बघून नांगर टाकलात काय? आता बसा गप, पाणी येयसर."

सात वाजेपर्यंत बसलो.

हिशेब साधा होता, मी केला नव्हता एवढंच. आपल्या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन-अडीच मीटरपर्यंत जातो, भांगाला त्याच्या निम्म्याच्याही खाली येतो. म्हणजे भांगात पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मात्र भरती वर चढते तशीच ओहोटी खाली जाते. त्यातून मी मोजलं होतं तेव्हा ओहोटी पुरती लागलीही नव्हती.

किनाऱ्यावरच्या माणसाला यासाठी तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा. तिच्या पुढे-मागे सहा तासांवर ओहोटी. जागेप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण बोट वाचवायला एवढं पुरतं. तेव्हापासून आमचा नियम असा, की नव्या जागी एक भांग आणि एक उधाण बघितल्याशिवाय फळीवर बरणी ठेवायची नाही. पंधरवडा जातो. जाऊ दे.

आणि बसलीच बोट, तर इंजिन रेटू नका. पंखा चिखल घुसळतो आणि थंडाव्यासाठी आत येणाऱ्या पाण्याबरोबर तो इंजिनात जातो. कललेल्या बाजूच्या खिडक्या आणि तळाचे व्हॉल्व्ह बंद करा, दुसरा नांगर होडक्यातून खोल पाण्याकडे नेऊन टाका, दोरी ताणून ठेवा आणि चढत्या पाण्याची वाट बघा.

शेजाऱ्याएवढीच दोरी सोडणं

शेजारचा ट्रॉलर आखूड दोरीवर उभा दिसतो, म्हणून आपणही तेवढीच सोडावी असं वाटतं. त्याचा नांगर आपल्याहून कितीतरी जड असतो, किंवा तो पुढून-मागून दोन्हीकडे बांधलेला असतो. आपण मोजायचं ते भरतीच्या खोलीवर, वर नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवून. भरतीला चार मीटर आणि नाळ एक मीटर वर असेल तर पाचाची पाचपट, पंचवीस मीटर. वारा वाढणार असेल तर सातपट. सुरुवातीचा तुकडा साखळीचा हवा, म्हणजे नांगर आडवा पडून धरतो.

खाडीत दर सहा तासांनी ओढ फिरते आणि बोट तोंड फिरवते. त्या फेऱ्यात दुसऱ्याची होडी, डोल जाळ्याचे खुंट, लावलेली जाळी यांतलं काही येता कामा नये. जिथे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तिथे तर थांबूच नका, नांगर कितीही चांगला धरत असला तरी. जागा आधी विचारा. नांगर घसरतोय का हे कळायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या. आम्ही देवळाचा कळस आणि एक वाकडा माड धरला होता. मोबाईलवरचा अलार्मही लावा, पण तो चार्जिंग संपलं की गप्प होतो. माड होत नाही.

कुणी विचारेपर्यंत कागद बाहेर न काढणं

२६ नोव्हेंबर २००८ नंतर अनोळखी बोटीकडे किनारा वेगळ्या नजरेने बघतो, आणि बघायलाच हवा. आम्ही तिसऱ्या दिवशी पोलिसांकडे जाणार होतो; ते दुसऱ्याच दिवशी आले. कुणीतरी कळवलं होतं, ज्याने कळवलं त्याचं बरोबरच होतं. तेव्हा पोचल्या दिवशीच बंदर कार्यालयात आणि सागरी पोलीस ठाण्यात जा. बोटीची कागदपत्रं, विमा, आधार, सगळ्याच्या चार-चार प्रती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. परदेशातून बोट आणणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, तिकडे तो कितीही सर्रास वापरात असो. अडचणीत व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरचा चॅनेल, आणि तटरक्षक दलाचा फोन १५५४.

ओल, गॅस आणि झुरळं

खाऱ्या पाण्यात धुतलेला कपडा कधीच वाळत नाही. मीठ हवेतली ओल ओढत राहतं. शेवटचं पाणी गोडं हवंच. थंडीत पहाटेच्या मतलईबरोबर दव पडतं, तेव्हा वरची झडप रात्री लावून घ्या. गादी उन्हात टाकायची ती दहा ते बारात, दुपारचा खारा वारा उठायच्या आत. गादीखाली लाकडी पट्ट्या ठोका, नाहीतर महिन्यात बुरशी. किराणा खोक्यासकट बोटीवर आणू नका, पुठ्ठ्याच्या घडीत झुरळांची अंडी येतात.

गॅसचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात तो दारातून बाहेर जाईल, बोटीत तळाच्या पोकळीत साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण नाही, सिलिंडरची चावी बंद.

इंजिन तापलं की लगेच मेकॅनिक

आधी मागे वाकून बघा, धुराच्या नळीतून पाणी पडतंय का. पडत नसेल तर दहातल्या नऊ वेळा दोष पाण्याच्या वाटेत असतो: गाळणीत प्लास्टिकची पिशवी, तोंडाशी शेवाळ किंवा बोटीच्या बुडाला धरलेले शिंपले. खाडीच्या उबदार पाण्यात काही आठवड्यांतच बूड खरखरीत होतं. मग पंपातला रबरी इंपेलर बघा. त्याची पाती तुटली असतील तर तुकडे शोधून काढा, ते पुढे अडकतात. आम्ही धक्क्यावरून मेकॅनिक आणला, त्याने पिशवी काढली आणि पैसे घ्यायला लाजला.

पावसाळ्याचा विचार मे महिन्यात करणं

उशीर होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याआधी प्रत्येकाला होडी वर काढायची असते आणि क्रेन, माणसं, जागा सगळ्यांची ओढाताण होते. मार्चमध्येच बोलून ठेवा. वादळं पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना येतात: फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, निसर्ग ३ जून २०२० ला. निसर्गच्या दिवशी 'बसरा स्टार' हे अख्खं जहाज आमच्या मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन लागलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते बघायला माणसं येत होती. अठ्ठावीस फुटी बोटीने त्या वाऱ्यात नांगरावर काय करायचं ते ठरवायची वेळच येऊ देऊ नये.

आमची बोट मेच्या दुसऱ्या आठवड्यात वर येते. गाद्या, बॅटऱ्या, भांडी घरी जातात, शिडं धुऊन माळ्यावर, आणि वरून माडाच्या झापांनी शाकारून घेतो; ताडपत्रीपेक्षा त्याखाली हवा खेळती राहते. नारळी पौर्णिमेला इथल्या होड्या लोटतात, आम्ही मात्र दसऱ्यापर्यंत थांबतो.